कासवांचा महिना

त्या शुक्रवारी माझ्या टेबलाच्या वरच्या खणात दोन चिठ्ठ्या होत्या, दोन्ही एकाच पाकिटात. एक माझ्या धाकट्या बहिणीची, दुसरी तिच्या नवऱ्याची. नवऱ्याला जाऊन सात आठवडे झाले होते, आणि धाकटी त्याची चिठ्ठी मागायला साडेपाचला येणार होती. ती वाचली की पहिल्याच ओळीत तिला कळणार होतं की त्याला ताबडतोब सहलीला निघायचं होतं. मग त्याला थांबवलं कुणी, हे ओळखायला तिला फार डोकं लावावं लागणार नव्हतं.

माझं सहली आखून द्यायचं ऑफिस आहे. एक खोली, एक टेबल, तीन खुर्च्या आणि माझी जीभ, एवढंच भांडवल. जिभेला हाड नाही, हे मला शाळेपासून सगळ्यांनी सांगून झालंय. ऑफिस उघडलं त्या वर्षी एक नवरा-बायको माझ्यासमोर बसून डोंगर की समुद्र यावर असे कडाकडा भांडले, की शेवटी दोघं वेगवेगळ्या दारांनी गेली असती, पण दार एकच होतं. त्या दिवशी मी नियम केला. जोडी आली की दोघांना एकेक कोरा कागद द्यायचा. एकमेकांकडे पाठ करून बसायचं आणि तीन ओळी लिहायच्या. तीन म्हणजे तीन. दोनवर भागत नाही, चौथीला जागा नाही. चिठ्ठ्या फक्त मी वाचणार. दोघांचं जुळलं तर सोन्याहून पिवळं. नाही जुळलं तर कुणाचं धरायचं ते मी ठरवणार, आणि का, ते कुणी विचारायचं नाही.

लोक आधी हसतात, मग निमूट लिहितात. ‘सासूबाईंना फोटो पाठवायचे नाहीत’ असं लिहिणारे निघाले. ‘वाघ नाही दिसला तरी चालेल, ह्यांचा फोन दिसता कामा नये’ असं एकीने लिहिलं होतं. बावीस वर्षांत मी एकाची चिठ्ठी दुसऱ्याला दाखवलेली नाही. लग्नं टिकलीत त्यामुळे काही, असं मी सगळ्यांना सांगत असते.

माझा दुसरा तोरा म्हणजे हंगामाचा तक्ता. उजव्या भिंतीवर आहे, मी हाताने रंगवलेला. डाव्या बाजूला जागा, वर महिने. हिरवा महिना म्हणजे जा, पिवळा म्हणजे नशिबावर, लाल म्हणजे घरी बसा. लाल महिन्यात मी कुणालाही पाठवत नाही, मग गिऱ्हाईक पाया पडो की तोंड फिरवून जावो. आणि माझ्या खुर्चीमागे, समोर बसणाऱ्याच्या अगदी डोळ्यांसमोर येईल असा, एका बेटावरचा मोठा फोटो आहे. पहाटेची ओली वाळू, आणि तिच्यावरून समुद्राकडे धावत सुटलेली कासवांची इवली पिल्लं, निदान शंभर तरी. तिथल्या होडीवाल्याने पाठवलाय. मी स्वतः त्या बेटावर कधी गेलेले नाही. मला बसमध्येसुद्धा मळमळतं. पण होडीवाल्याशी इतकी वर्षं फोनवर बोलून बोलून तिथली प्रत्येक पायवाट मला पाठ आहे, आणि शिकवायची खोड तर मला जन्मापासून.

धाकटीला मीच वाढवलं. आईबाबा एका वर्षात पाठोपाठ गेले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि ती अकराची. तिच्या वेण्या, तिचा अभ्यास, तिचे हट्ट, सगळं माझ्या पदरात पडलं. म्हणून तिने लग्न केलं तेव्हा तिच्या नवऱ्याला मी पहिल्या दिवसापासून ‘जावईबापू’ म्हणायला लागले. माझ्याहून सहाच वर्षांनी लहान माणूस, पण त्याला ते आवडायचं. तो मला ताई म्हणायचा, अहो-जाहो करायचा आणि माझी बोलणी हसत ऐकून घ्यायचा.

त्याचं चष्म्याचं दुकान होतं. पुढे डोळे तपासायचा, मागच्या खोलीत काचा घासायचा. भेटला की आधी माझ्या नाकावरचा चष्मा उचलायचा, खिशातल्या फडक्याने पुसायचा, काडी सरळ करायचा आणि परत चढवायचा. ‘कसं आहे’ वगैरे नंतर. डोळे तपासताना दोन काचा आलटून पालटून ‘पहिलं बरं की दुसरं?’ विचारायची सवय त्याच्या अंगात इतकी मुरली होती, की पडद्याचं कापड असो, भिंतीचा रंग असो, त्याचं तेच. धाकटी म्हणायची, लग्नाचं विचारायला आला तेव्हाही ह्याने मला दोन तारखा दाखवल्या आणि हेच विचारलं.

ती जलतरण तलावावर लहान मुलांना पोहायला शिकवते. दिवसभर पाण्यात. आणि हा पाण्याला असा घाबरायचा, की तिला न्यायला आला तरी बूट घालून, टॉवेल धरून काठापासून चार हात लांब उभा राहायचा. पंधरा वर्षं ती त्याच्या मागे लागली होती, आपण समुद्रावर जाऊ. पंधरा वर्षं तो ‘पुढच्या वर्षी’ म्हणत होता. दुकान, तलाव, पुन्हा दुकान.

मे महिन्यात एका दुपारी दोघं माझ्या ऑफिसात आली, आणि गंमत म्हणजे या वेळी ओढून आणणारा तो होता.

“ताई, बेटावर जायचंय आम्हाला,” तो म्हणाला. “ते माकडांचं जंगल, मगरींची खाडी, दोरांचा पूल, तुम्ही सांगता ते सगळं.”

“सूर्य कुठून उगवला आज?” मी धाकटीला विचारलं.

“मला काय माहीत! काल जेवताना एकदम म्हणाला, चल जाऊ. मी म्हटलं, ताप तर नाही ना आला.” ती नुसती फुलली होती. चाळिशीची बाई, पण खुर्चीत बसून पाय हलवत होती.

घरचे असले म्हणून नियम मोडत नाही. कागद दिले, पाठीला पाठ लावून बसवलं. खुर्च्या अशा फिरवल्या की तो दाराकडे तोंड करून आणि ती माझ्याकडे. त्याचं दोन मिनिटांत झालं. धाकटी मात्र पेन्सिल चावत बसली.

“तिसरी सुचत नाहीये गं.”

“तीन म्हणजे तीन,” मी म्हणाले. “घर तुझं असेल, ऑफिस माझं आहे.”

तिने वर पाहिलं, थोडं थांबली, मग भराभर लिहिलं आणि कागद घडी करून दिला.

ती दोघं गेल्यावर मी दोन्ही उघडल्या. त्याच्या बारीक, सरळ अक्षरात होतं: ‘लवकरात लवकर, याच महिन्यात किंवा जूनमध्ये. उंच चढण नको. माझं आणि तिचं जुळलं नाही तर तिचं धरा.’ मला हसू आलं. पंधरा वर्षं कुंभकर्णासारखा झोपलेला माणूस उठला तो थेट धावायलाच लागला. चढण नको, म्हणजे दुकानात बसून बसून पोट सुटलंय. आणि तिसरी ओळ वाचून तर माझा ऊर भरून आला. धाकटीसाठी मी निवडलाय तसा नवरा कुणाला मिळाला नाही, असं मनात आलं. निवडला तिनेच होता, पण श्रेय घ्यायला काय जातं!

धाकटीची चिठ्ठी अशी होती: ‘ह्याला समुद्रात उतरवायचं, निदान गुडघ्यापर्यंत. सकाळी गजर लावायचा नाही. कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायची.’

कासवांची पिल्लं त्या बेटावर ऑक्टोबरात निघतात. मे अर्धा सरला होता आणि जून त्या बेटासाठी लाल महिना आहे, भडक लाल. मी क्षणभरही विचार केला नाही. त्यानेच लिहून दिलं होतं, तिचं धरा. धाकटीचं एक स्वप्न मी पुरं करणार होते आणि तेही तक्त्याच्या हिरव्या चौकटीत बसवून. त्याच संध्याकाळी मी होडीवाल्याला फोन केला आणि ऑक्टोबरचा दुसरा आठवडा पक्का करून टाकला.

चार दिवसांनी जावईबापू एकटे आले. दुकानाची जेवणाची सुट्टी होती. माझा चष्मा उतरवला, पुसला, काडी सरळ केली. मग समोर बसून म्हणाला, “ताई, जूनमध्ये नाही का जमणार?”

“उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग,” मी म्हणाले. “लग्नाला पंधरा वर्षं झाली की हो. आता कसली घाई?”

तो हसला. मी त्याला उठवून तक्त्यासमोर उभं केलं आणि व्याख्यान दिलं. जूनमध्ये दुपारपासून पाऊस. खाडीत होडी जात नाही. दोरांचा पूल बंद. समुद्र खवळलेला. पाठवलं आणि ती दोघं खोलीत बसून भिंती बघून परत आली, तर माझं नाव काय राहील? तो मान हलवत ऐकत होता. त्याची कॉलर मानेपासून बोटभर सुटलेली होती. मला दिसली. मी म्हटलंसुद्धा, “शर्ट ढगळ झालाय तुमचा, धाकटी जेवायला घालत नाही वाटतं?”

“समुद्रावर तरंगायचंय ना ताई, हलकं व्हायला नको?” तो म्हणाला. मग थोडं थांबून, “ताई, एक सांगू का?”

“सांगा की. जून सोडून काहीही सांगा.”

हे मी बोलले. याच तोंडाने, हसत हसत, माझ्या हजरजबाबीपणावर खूश होत बोलले. तो ताकाला येऊन भांडं लपवत होता आणि मी त्याच्या हातून ते भांडंच काढून घेतलं.

तो पुन्हा खुर्चीत बसला. स्वतःचा चष्मा काढून पुसत राहिला, बराच वेळ. मग विचारलं, “ऑक्टोबरच का? तिने काय लिहिलंय?”

“चिठ्ठी मी दाखवत नाही, तुम्हाला माहितीये.” पण मला राहवलं नाही. मी मागच्या फोटोकडे बोट केलं. “मी काही बोललेले नाही हं. पण डोळे तुमचे चांगले आहेत.”

त्याने चष्मा चढवला आणि त्या फोटोकडे बघत राहिला.

“तिला हे बघायचंय?”

“मी काही बोललेले नाही.”

“तिला हे बघायचंय,” तो स्वतःशीच म्हणाला. “मला कधी बोलली नाही. मग राहू दे, ताई. ऑक्टोबर.” दारापाशी जाऊन वळला आणि तक्त्याकडे बघून म्हणाला, “पहिलं बरं की दुसरं?”

“दुसरं,” मी म्हणाले. “शंकाच नको.”

पुढचे दोन महिने दर रविवारी आम्ही तिघं त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून सहल आखायचो. नकाशा पसरायचा, त्यावर चहाचे कप ठेवायचे आणि भांडायचं. धाकटीला वल्ह्याची होडी दोघांनीच न्यायची होती. तो म्हणायचा, मी आत बसेन, पण डोळे मिटून. तिने त्याच्यासाठी रुंद काठाची टोपी आणली, ती घालून तो जेवायला बसायचा. धनेश पक्षी कुठल्या झाडावर बसतो ते त्याने होडीवाल्याला फोन करून दोनदा विचारून घेतलं. त्याला भूक नसायची. पोटात आग होते म्हणायचा. धाकटीने डॉक्टरकडे चल म्हटलं की ‘जाऊन आलोय, गोळ्या दिल्यात’ म्हणायचा. ते खोटं नव्हतं.

जुलैच्या मध्याला तो दुकानात, मागच्या खोलीत काच घासता घासता कोसळला. हॉस्पिटलात एकोणीस दिवस होता. तिथे पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी धाकटीला आजाराचं नाव सांगितलं, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून गोंधळून म्हणाले, “यांना तर एप्रिलअखेरीसच सांगितलं होतं. सहा महिने म्हटलं होतं, कमीही असू शकतील असंही.” ती मला जिन्यात भेटली. तलावावरून तशीच आली होती, केस ओले. तिने मला हे सांगितलं आणि मी जिन्याच्या पायरीवर मटकन खाली बसले. तिला वाटलं, मला तिच्या दुःखाने चक्कर आली. मी मनात एप्रिल, मे, जून मोजत होते.

त्याला भेटायला गेले तेव्हा त्याने हात वर केला. माझ्या चष्म्यापर्यंत तो पोचेना. मी वाकले, तेव्हा काडीला नुसतं बोट लागलं.

“जावईबापू, तुम्ही मला सांगितलं का नाही?” मी कुजबुजले.

“तुम्ही तिला सांगितलं असतंत,” तो म्हणाला. “मग ती सहल राहिली असती का सहल? रडत बसली असती.” आणि थोड्या वेळाने, “कासवं तिला दाखवा हं.”

ऑगस्टच्या चार तारखेला तो गेला. मी बेटाची बुकिंग रद्द केली. होडीवाल्याने कारण विचारलं, तेव्हा मी फोन ठेवून दिला. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात. मी तर गोठ्याच्या दारातच उभी होते, हातात कडी घेऊन.

सात आठवडे मी धाकटीकडे रोज जात होते आणि या विषयाचा एक शब्द काढत नव्हते. मग गुरुवारी तिचा फोन आला.

“ताई, ह्याने चिठ्ठीत काय लिहिलं होतं?”

“अगं, नियम आहे.”

“आता नियम कुणासाठी? उद्या तलावावरून सुटले की येते.”

खरं सांगते, मी आधी चिठ्ठी फाडायचा विचार केला. मग त्याहून वाईट विचार केला. त्याचं अक्षर मला येतं. इतकी वर्षं माझ्या नंबरचे कागद त्यानेच लिहिलेत. शुक्रवारी दुपारी दार आतून लावून मी एका कोऱ्या कागदावर तीन ओळी लिहिल्या: ‘कासवं बघायची. मगरी बघायच्या. कधीही चालेल.’ छान जमलं होतं. ‘कधीही चालेल’ तर अगदी त्याच्यासारखं. तो कागद मी खालच्या खणात ठेवला. वरच्या खणात खरं, खालच्यात खोटं, आणि मी स्वतःला समजावत होते की हे तिच्यासाठी आहे. खरी चिठ्ठी वाचली तर तिला कळेल की तिच्या कासवांपायी सहल पुढे गेली. हे ओझं तिच्या डोक्यावर कशाला? आणि त्या ओझ्याखाली माझंही पाप झाकलं जात होतं, हे मला कळत नव्हतं असं नाही.

ती पावणेसहाला आली. तलावाच्या पाण्यातल्या औषधाचा वास, ओले केस, आणि अंगावर त्याचा ढगळ शर्ट. त्याच्याच खुर्चीत बसली.

“चहा घेतेस?”

“नको. ताई, मला एवढंच बघायचंय, त्याला जायचं होतं का.” ती घाईघाईने बोलायला लागली, वाटभर पाठ करून आल्यासारखी. “मला वाटतं त्याला नव्हतं जायचं. पाण्याला किती घाबरायचा तो. त्याला कळलं होतं आपण आता फार दिवसांचे नाही, आणि बायको इतकी वर्षं मागे लागलीये, म्हणून म्हणाला असेल चल. त्याला घरी शांत पडून राहायचं असेल गं, आणि मी दर रविवारी नकाशे पसरून बसायचे. पोटात आग होत असताना त्याला टोपी घालायला लावायचे. तू खरं सांग. त्याने चिठ्ठीत काहीतरी टाळाटाळ केली होती ना? कधीही चालेल वगैरे?”

माझा हात खालच्या खणावर होता. तिने नेमके तेच शब्द म्हटले, आणि मी हात मागे घेतला. ती चिठ्ठी मी तिच्या हातात दिली असती तर ती जन्मभर असंच समजली असती की शेवटच्या महिन्यांत आपण त्याला छळलं.

मी वरचा खण उघडला आणि खरी चिठ्ठी दिली.

तिने वाचली. पुन्हा वाचली. तिचा चेहरा एकदम उजळला, लहानपणी निकालाच्या दिवशी उजळायचा तसा.

“लवकरात लवकर! ताई, त्याला जायचं होतं! बघ ना, याच महिन्यात म्हणतोय!” ती हसत होती आणि रडत होती. मी तिच्याकडे बघत होते आणि थांबून होते, कारण मला माहीत होतं, आता काय होणार. कागदाच्या कोपऱ्यात मे महिन्याची तारीख होती, माझ्या हातची. तिची नजर तिथे गेली. मग तिसऱ्या ओळीवर आली आणि तिथेच राहिली.

“माझं जुळलं नाही?” तिने हळूच विचारलं. “मी असं काय लिहिलं होतं?”

मी तिचीही चिठ्ठी पुढे केली. आणि मग सगळं सांगितलं. तो एकटा आला होता ते, तक्ता, ‘जून सोडून काहीही सांगा’, फोटोकडे केलेलं बोट. काही झाकलं नाही.

तिने स्वतःचं अक्षर पुन्हा वाचलं. मग तिने मान वर केली. माझ्याकडे नाही, माझ्या डोक्याच्या वर, मागे.

“मला तिसरी ओळ सुचत नव्हती,” ती म्हणाली. “तुला म्हटलं होतं मी. तू म्हणालीस, तीन म्हणजे तीन. समोर हा फोटो होता, म्हणून लिहिलं. मला काय करायचीयेत कासवं, ताई?”

मी वळून फोटोकडे पाहिलं.

“तू विचारायचंस मला. एकदा विचारायचंस.”

“चुकलं माझं.”

“त्यालाही वाटलं असेल की मला हेच हवंय. हॉस्पिटलात मला म्हणायचा, कासवं बघून ये हं. मला वाटायचं, तापात बरळतोय.” तिने दोन्ही चिठ्ठ्या एकावर एक ठेवल्या. “मला तुझा राग आलाय. खूप आलाय. पण तुझ्याशिवाय मला कोण आहे, म्हणून बसलेय.”

“बस,” मी म्हणाले. “राग धर, पण बस.”

बाहेर दुकानांचे दिवे लागायला लागले होते. ती उठून तक्त्यासमोर गेली आणि बेटाच्या ओळीवर बोट ठेवून लाल चौकटीपाशी थांबली.

“जूनमध्ये काय असतं तिथे?”

“लाल आहे ते. पाऊस असतो, पूल बंद...”

“काय नसतं ते नको सांगू. काय असतं ते सांग.”

मी डोळे पुसले. होडीवाला गेली कित्येक वर्षं जूनमध्ये फोनवर जे बडबडायचा आणि मी ‘बरं, बरं’ म्हणून सोडून द्यायचे, ते आठवायला लागले. “सकाळी ऊन असतं. दुपारी पाऊस. हॉटेल रिकामं असतं, समुद्राकडची खोली मागितली तर लगेच मिळते. पाऊस लागला की माकडं वळचणीला येऊन बसतात, खिडकीपाशी, पिल्लांना पोटाशी धरून. लाल खेकडे व्हरांड्यात चढतात. धनेश असतोच, तो कुठे जात नाही.”

ती परत येऊन बसली. “पहिला दिवस सांग.”

सवयीने मी पेन्सिल हातात घेतली. “पहिल्या दिवशी सकाळी होडीने पोचायचं. थकलेले असाल, तर नुसतं व्हरांड्यात बसायचं. दुसऱ्या दिवशी गजर नाही.”

“नाही.”

“उठाल तेव्हा उठाल. जंगलात सपाट पायवाट आहे, अर्ध्या तासाची, चढण अजिबात नाही. तिथे माकडं, फुलपाखरं, एखादी घोरपड. तिसऱ्या दिवशी सकाळी समुद्र.”

“खवळलेला असेल ना?”

“बेटाच्या आतल्या बाजूला आडोसा आहे. तिथे पाणी शांत असतं. पण खोल जाता येत नाही जूनमध्ये. होडीवाला गुडघ्याच्या पुढे जाऊ देत नाही.”

तिने खाली चिठ्ठीकडे पाहिलं. “गुडघ्यापर्यंतच लिहिलं होतं मी.”

“हो.”

“तो चष्मा काढेल आणि मग त्याला काही दिसणार नाही.”

“तू हात धरशील.”

“बूट काढायलाच तासभर लावेल.” ती हसली, आणि हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं. “पुढे सांग.”

“चौथ्या दिवशी काही नाही ठेवलेलं. दुपारपासून पाऊस. दोघांनी खोलीत बसायचं, दार उघडं टाकून. समुद्र दिसतो तिथून. पाचव्या दिवशी सकाळी दहाची परतीची होडी...”

“पाचवा नको,” ती म्हणाली.

मी पेन्सिल खाली ठेवली.

“चौथा परत सांग, ताई.”

मी चौथा दिवस परत सांगितला.